कापलेल्या दिंड्यांचा हिशेब

कवितेविषयी मला आयुष्यभर संशय वाटत आला आहे, आणि तो मी कधी लपवलेला नाही. सहकारी संस्थांच्या हिशेब तपासणीत माझी नोकरी गेली. विविध कार्यकारी सोसायट्या, मच्छीमारांच्या संस्था, छोट्या पतपेढ्या यांची दप्तरे वाचता वाचता एक सवय अंगात मुरली, ती अशी की कागदावर जो शब्द किंवा आकडा दिसतो तो तिथे का आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही. त्याच सवयीने कविता वाचायला घेतली की पहिल्या चार ओळींतच तपासणीचे शेरे सुचू लागत. ‘हा’, ‘की’, ‘बा’, ‘अहा’ असले शब्द मला नेहमी अनामत खात्यासारखे दिसले. ताळेबंद जुळत नाही म्हणून फरकाची रक्कम तात्पुरती कुठेतरी टाकून द्यावी, तसे वृत्त भरत नाही म्हणून एखादे अक्षर टाकलेले. मुक्तछंद आला तेव्हा निदान ही भरती तरी थांबेल असे वाटले होते, पण तिथे ओळ नेमकी कुठे मोडायची याचा नियम मला कोणी समजावून सांगू शकले नाही, आणि ज्या व्यवहाराला नियम नाही त्याची तपासणी करता येत नाही.

हे सगळे सांगायचे कारण असे की गेली दोन वर्षे मी आमच्या गावच्या उत्सव समितीत पद्यासाठी भांडतो आहे आणि माझ्या विरुद्ध बाजूला गाण्याचे रसिक आहेत. हे उलटेपालटे कसे झाले ते सांगितल्याखेरीज माझे म्हणणे मांडता येणार नाही.

आमचे गाव राजापूर तालुक्यात, खाडीलगत. माघी गणेशोत्सवात देवळासमोरच्या मांडवात नाटक होते आणि दर दोन-तीन वर्षांनी ते ‘संगीत सौभद्र’, म्हणजे अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचे नाटक, असते. आमच्या तालुक्याच्या नदीचे नावच अर्जुना आहे. पण त्याचा इथे संबंध नाही, खरे कारण बहुधा इतकेच, की गावात जो कपडेपट आहे तो पौराणिक आहे आणि दोन मुकुट अजून चांगल्या स्थितीत आहेत. गद्याच्या तालमी मुंबईत चाकरमान्यांच्या खोलीवर होतात, पदांच्या तालमी गावात पेटीवर होतात, आणि दोन्हींची गाठ प्रयोगाच्या आधी फक्त दोन रात्री पडते. दोन वर्षांपूर्वी आमच्या कायमच्या प्रॉम्प्टरांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. “काका, तुम्हाला कागद वाचायची सवय आहे, पुस्तक तुम्ही धरा,” असे म्हणून कृष्णाची भूमिका करणाऱ्या गुरुजींनी संहिता माझ्या हातात दिली. मी नाटक बघितलेले होते. नाटकाचे पुस्तक मात्र त्या दिवसापर्यंत उघडलेले नव्हते.

ते पुस्तक म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स होती. पहिल्यांदा जे नजरेत भरले ते पदांच्या डोक्यावरचे शब्द: कुठे ‘साकी’, कुठे ‘दिंडी’, कुठे ‘कामदा’, कुठे ‘अंजनीगीत’ अशी छोट्या पद्यांच्या वृत्तांची नावे, आणि जिथे नुसते ‘पद’ होते तिथे शेजारी ‘चाल’ असे लिहून दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याची पहिली ओळ. कवितेच्या पुस्तकात असे काही नसते. तिथे कवी वाचकाला सांगत नाही की ही ओळ अमुक मापाची आहे आणि अमुक पद्धतीने वापरायची आहे. इथे मात्र प्रत्येक नगावर मापाची चिठ्ठी डकवलेली होती, आणि माप म्हटले की माझ्यासारख्या माणसाचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. शाळेत पाठ केलेली रघुनाथ पंडितांची ‘कथा बोलू हे मधुर सुधाधारा’ ही दिंडी आठवून मी मात्रा मांडल्या, ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाची दोन. ‘कथा बोलू हे’ 9, ‘मधुर सुधाधारा’ 10, एकूण 19. पुढची ओळ, ‘होय शृंगारा करुणरसा थारा’. पुन्हा 9 आणि 10. मग पुस्तकातल्या दिंड्या तपासल्या. जिथे बेरीज चुकली तिथे दोष बहुतेक वेळा झेरॉक्समध्ये उडालेल्या अनुस्वाराचा किंवा माझा निघाला. एवढी नीट ठेवलेली वही मी नोकरीतही फारशी पाहिली नव्हती.

तरी हे सगळे कारागिरीचे कौतुक झाले. संशय मोडला तो प्रयोगाच्या रात्री, एका पदाने.

रात्रीचा दीड वाजून गेला होता. मांडवात मुले आयांच्या मांडीवर झोपली होती आणि मागच्या बाजूला चहाची किटली फिरत होती. कृष्ण रुक्मिणीला पहाट होत असल्याचे सांगतो ते ‘प्रिये पहा’ हे पद सुरू झाले. मी विंगेत टॉर्च धरून ओळींवर बोट ठेवून उभा होतो, कारण गुरुजी दुसऱ्या कडव्यात घसरतात असे मला बजावलेले होते. त्यामुळे एका हाताचे बोट कागदावरच्या अक्षरावर आणि कान त्याच अक्षराच्या सुरावर, अशी स्थिती आयुष्यात पहिल्यांदा आली. ‘प्रिये पहा रात्रीचा समय सरुनि येत उषःकाल हा’ या ओळीतला शेवटचा ‘हा’ मी तालमीच्या वेळीच मनातल्या मनात लाल शाईने अधोरेखित केला होता: उषःकाल येतो आहे एवढे पुरेसे आहे, ‘हा’ कशाला? गुरुजी त्या ‘हा’वर आले आणि थांबले. म्हणजे शब्द थांबला, सूर थांबला नाही. तो लांबत गेला, वळला, खाली उतरून पुन्हा तिथेच आला, आणि तबल्याची सम पडली तेव्हा माझे बोट अजून त्याच एका अक्षरावर होते. कागदावर ज्याला मी भरती समजत होतो ती उभे राहायची जागा होती.

नंतर घरी बसून मी ते कडवे उलगडले. ‘थंडगार वात सुटत, दीपतेज मंद होत, दिग्वदने स्वच्छ करित, अरुण पसरि निज महा’. सहा-सहा मात्रांची घरे पाडली तर पहिली 7 घरे काठोकाठ भरतात आणि आठव्यात, ‘निज महा’मध्ये, 5 मात्रा आहेत. एका मात्रेची तूट. मी ज्या भरतीच्या शोधात होतो तिच्या नेमके उलट, इथे रचनाकाराने मुद्दाम एक घर अपुरे ठेवले आहे, म्हणजे गाणाऱ्याने शेवटचा ‘आ’ ओढून ते पुरे करावे. ‘सुटत’, ‘होत’, ‘करित’ हे मधले शब्द ऱ्हस्व अक्षरावर संपतात, त्यामुळे तिथे कोणी रेंगाळत नाही, ओळ पुढे पळते. शेवटाला मात्र ‘हा’, ‘महा’, ‘जलरुहां’, ‘अहा’. चारही ठिकाणी उघडा आकार. कवितेतला जो ‘अहा’ मला सर्वांत जास्त खटकत आला तोच इथे सर्वांत उपयोगाचा निघाला. गुरुजींना विचारले तेव्हा त्यांनी फार साधे उत्तर दिले: “काका, ‘ई’वर तान घ्यायची तर तोंड मिटतं. आकारावर छाती उघडी राहते. लिहिणाऱ्याला गाणं कळत होतं.”

यावरून मी सगळ्या कवितेचा भक्त झालो असे कोणी समजू नये. ‘विरलपर्ण शाखि होति’ हा त्याच पदातला तुकडा आमच्या मांडवातल्या दोनशे माणसांपैकी किती जणांना कळला असेल, असे कोणी विचारले तर मी खाली बघेन. मलाही तो कोशाशिवाय कळलेला नाही. पण माझा आक्षेप आता बदलला आहे. मी ज्या ओळी अपुऱ्या किंवा फुगवलेल्या म्हणून नापास करत होतो, त्यांतल्या बऱ्याच ओळी एकट्याने उभ्या राहण्यासाठी लिहिलेल्याच नव्हत्या. अर्धा व्यवहार एका वहीत आणि अर्धा दुसऱ्या वहीत नोंदलेला असताना एकच वही मागवून संस्थेला दोषी ठरवणे ही तपासनिसाची चूक असते, संस्थेची नव्हे.

या गोष्टीचा नाद लागल्यावर मी युरोपातल्या संगीतिकांविषयी, म्हणजे ऑपेरांविषयी, मिळेल ते वाचले. तिथे अशा संहितेला ‘लिब्रेटो’ हे जे नाव आहे त्याचा इटालियन अर्थ ‘छोटे पुस्तक’ एवढाच आहे. प्रेक्षक ते विकत घेत, प्रयोग चालू असताना मेणबत्तीच्या उजेडात वाचत, आणि मेणाचे डाग पडलेल्या जुन्या प्रती अजून सापडतात. माझ्या विंगेतल्या टॉर्चचे पूर्वज म्हणायचे. ज्या रचनेला पहिली संगीतिका मानतात ती ‘दाफ्ने’, फ्लॉरेन्समध्ये 1598 च्या सुमारास झालेली. तिचे याकोपो पेरीने दिलेले संगीत थोडे तुकडे वगळता हरवले, पण रिनुच्चिनीची पद्य संहिता पूर्ण उरली आहे. पुढे मेतास्तासिओ नावाच्या कवीच्या एकेका संहितेला अनेक संगीतकारांनी आपापले संगीत दिले. त्याची ‘आर्तासेर्से’ तर डझनावारी वेळा नव्याने बांधली गेली. शब्द तेच, गाणे प्रत्येक वेळी वेगळे. मग मोठेपण कोणाचे, हा वाद तिथे इतका चघळला गेला की सालिएरीने 1786 मध्ये ‘आधी संगीत, मग शब्द’ अशा अर्थाच्या नावाची एक छोटी संगीतिकाच करून टाकली. विसाव्या शतकातला इंग्रजी कवी ऑडन, ज्याने स्वतः स्ट्राविन्स्कीसाठी संहिता लिहिली, त्याचे म्हणणे असे की संहितेतल्या ओळी प्रेक्षकांना उद्देशून नसतात, ते कवीने संगीतकाराला लिहिलेले खासगी पत्र असते.

हे पत्राचे म्हणणे मला पटले, पण आपल्याकडे पत्ता वेगळा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग केला आणि 1882 मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनी कुणा संगीतकाराकडे शब्द पाठवले नव्हते. चाली आधीपासून लोकांच्या कानात होत्या. कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी पदांच्या, घरोघर म्हटल्या जाणाऱ्या. त्या चालींच्या मापात त्यांनी शब्द बसवले. म्हणजे इटलीत शब्द आधी आणि संगीत नंतर असा जो सर्वसाधारण क्रम होता, तो आपण उलटा फिरवला होता. आमच्याकडचे पत्र थेट नटाला होते: ही चाल तुला येते, हे शब्द तिच्यावर घाल आणि उभा राहा. त्याआधी, विष्णुदास भाव्यांच्या 1843 पासूनच्या नाटकांत, पद्य सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे आयत्या वेळच्या गद्यात बोलत. किर्लोस्करांनी पद्य पात्राच्या तोंडात दिले, त्यामुळे पद हे गोष्टीवरचे भाष्य न राहता गोष्टच झाले. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या माणसाने आखून दिलेल्या चौकटीत इतके चोख काम केले याचे मला, कचेरीतला माणूस म्हणून, नवल वाटत नाही; अभिमान मात्र वाटतो.

इथे एक विषयांतर करतो. आमच्याच जिल्ह्यात, गणपतीपुळ्याजवळ मालगुंडला, 1866 मध्ये केशवसुत जन्मले, आणि ‘सौभद्र’ गाजत होते त्याच दशकात ते लिहू लागले. मालगुंडच्या त्यांच्या स्मारकावरून मी कामानिमित्त अनेकदा गेलो आहे, आत एकदाच. त्यांनी मराठीत सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, आणले, एकट्या माणसाने एकट्या माणसासाठी लिहायची कविता आणली, आणि पुढची शंभर वर्षे ‘कविता’ म्हणजे तीच असे ठरून गेले. रंगभूमीवरचे पद्य या नावाखाली येईनासे झाले, त्याला ‘नाट्यपद’ म्हणून गाण्याच्या कपाटात ठेवण्यात आले. एकाच दशकात फुटलेल्या दोन वाटांपैकी एकीवर पाठ्यपुस्तक गेले आणि दुसरीवर रेकॉर्ड कंपन्या. यात केशवसुतांचा काही दोष नाही. पण माझ्यासारखा माणूस, जो लहानपणी शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या ऐकत पहाट करायचा, शाहिराने पद्यात टाकलेला सवाल आणि समोरच्याने पद्यातच दिलेला जबाब यावर ओट्यावर बसून वाद घालायचा, गणपतीत तासभर आरत्या म्हणायचा, तो मोठेपणी बिनदिक्कत सांगू लागला की मला पद्य आवडत नाही. ‘फणिवरबंधना’चे ‘फळीवर वंदना’ करून का होईना, मी जन्मभर पद्यच तोंडात घोळवत होतो. फक्त त्याला कविता म्हणतात हे मला कोणी सांगितले नव्हते.

शाळेचा यात मोठा हात आहे, आणि मी कोणत्या एका शाळेविषयी बोलत नाही. पहिलीपासून चौथीपर्यंत आम्ही प्रत्येक कविता चालीवर म्हटली. पाढेही चालीवर म्हटले, आणि दोन्ही अजून पाठ आहेत. पाचवीनंतर केव्हातरी चाल बंद झाली आणि ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ सुरू झाले. ‘कवीला काय म्हणायचे आहे’ हा प्रश्न एकदा विचारायला लागले की विद्यार्थी सरळ हिशेब करतो: जे म्हणायचे आहे ते चार ओळींच्या गद्यात लिहिता येते आणि त्याला चार गुण मिळतात, तर मूळ ओळी हव्यात कशाला? माझा संशय हा अरसिकपणातून आलेला नव्हता, तो त्या प्रश्नपत्रिकेचे अगदी तर्कशुद्ध उत्तर होता. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातले, पंचाहत्तरीच्या नवरदेवाची टर उडवणारे ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ हे पद कुणाला गद्यात स्पष्ट करून दाखवा. ‘वर 75 वर्षांचा आहे’ एवढीच माहिती हाती लागते. ‘अवघे’ या शब्दावर गाणारा जो किंचित खोटा आदर आणतो, आणि ‘पाऊणशे’ येईपर्यंत मांडव जो श्वास रोखून धरतो, ते स्पष्टीकरणात कुठे जमा धरायचे? आणि 1899 मध्ये आलेल्या या नाटकाने बाला-जरठ विवाहाविरुद्ध जे काम केले त्यात व्याख्यानांपेक्षा या ‘अवघे’चा वाटा कमी होता असे मला वाटत नाही.

आता आमच्या समितीतल्या भांडणाकडे येतो, कारण हा प्रश्न आमच्या गावापुरता नाही. ज्या ज्या गावात, शहरात आणि स्पर्धेत संगीत नाटक होते तिथे तो आहे. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे आहेत. जुन्या काळी प्रयोग रात्र रात्र चालत, आज ते कोणाला झेपत नाही आणि झेपावे अशी माझी मागणीही नाही. तीन तासांत बसवायचे तर काटछाट हवीच. प्रश्न आहे तो काय कापायचे याचा. आमच्या झेरॉक्सवर किमान तीन पिढ्यांच्या प्रॉम्प्टरांनी मारलेल्या फुल्या आहेत: काही मूळ प्रतीतून काळ्या होऊन उतरलेल्या, काही निळ्या शाईच्या, काही शिसपेन्सिलीच्या. तपासनिसाच्या डोळ्यांनी त्या एकेक पाहिल्या तेव्हा त्यांतली पद्धत उघड झाली. जी पदे रेकॉर्डवर गाजली, ज्यांत रागविस्ताराला वाव आहे, त्यांना कोणत्याही पिढीने हात लावलेला नाही. उलट समासात ‘वन्समोर धरून 12 मिनिटे’ अशा नोंदी आहेत. फुल्या आहेत त्या साक्यांवर, दिंड्यांवर, कामदांवर आणि अंजनीगीतांवर. म्हणजे चार ओळींच्या त्या छोट्या रचनांवर, ज्या एक मिनिटाच्या आत संपतात, ज्यांत तानबाजी नसते, आणि ज्यांतून पात्रे एकमेकांना बातमी देतात, अडवतात, फसवतात, मनातले बोलून दाखवतात.

परिणाम असा होतो की नाटकातले पद्य जाते आणि मैफल उरते. पात्र गद्यात बोलता बोलता एकदम थांबते, ऑर्गनवाला सूर देतो, पात्र प्रेक्षकांकडे तोंड करून दहा मिनिटे गाते, टाळ्या घेते आणि पुन्हा गद्यावर येते. मग नवीन पिढीतली मुले विचारतात की ही माणसे मध्येच गाऊ का लागतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो. मूळ संहितेत ती मध्येच गाऊ लागत नाहीत. साधे बोलणे, मग थोडे उंचावलेले बोलणे म्हणजे साकी किंवा दिंडी, आणि भावना आणखी चढली की पद, असा तो जिना आहे. मधल्या पायऱ्या काढून घेतल्या तर वरच्या मजल्यावर जायला उडी मारावी लागते. ती उडी हास्यास्पद दिसते, आणि मग आपण म्हणतो की संगीत नाटकाचा काळ संपला.

याला तीन उत्तरे मिळतात. गाण्याचे जाणकार म्हणतात की प्रेक्षक गाणे ऐकायला येतो. येतो हे खरे, पण गाणे त्याला मोबाइलवरही मिळते, तेही मोठ्या गवयांच्या आवाजात. फेब्रुवारीच्या गारठ्यात शाल पांघरून मांडवात बसणाऱ्याला आणखी काहीतरी हवे असते, आणि ते म्हणजे गोष्ट. दुसरे उत्तर नटांचे: छोट्या रचनांच्या चाली आता कोणाला येत नाहीत. यात तथ्य आहे. ‘चाल’ म्हणून ज्या गाण्याचा पत्ता दिला आहे ते गाणेच पुष्कळदा लोकांच्या कानातून गेले आहे, त्यामुळे लिफाफा हातात आणि घर पाडलेले अशी अवस्था होते. पण साकी, दिंडी, अंजनीगीत यांचे तसे नाही. त्यांची ठरलेली वळणे गावागावांतल्या कीर्तनकारांना आणि भजनी बुवांना येतात, आणि एकदा एक दिंडी आली की सगळ्या दिंड्या येतात. तिसरे उत्तर साहित्यिकांचे, आणि मला तेच सर्वांत जास्त खुपते: हे पद्य वाङ्मय म्हणून दुय्यम आहे, ते गेल्याने काही बिघडत नाही. पूर्वी मी हेच म्हणत होतो. दुय्यम कशाच्या तुलनेत? कागदावर एकट्याने वाचायच्या कवितेच्या तुलनेत असेल, तर होडीला बैलगाडीच्या नियमांनी नापास करण्यासारखे आहे.

पद्य काढून जे गद्य घालतात त्याचाही हिशेब मी ठेवला आहे. आमच्या प्रतीत नारदाच्या प्रवेशात एका दिंडीवर फुली मारून समासात सहा वाक्यांचे गद्य लिहिले आहे, वेळ वाचावा म्हणून. मागच्या वर्षी तालमीत मी घड्याळ लावले. गद्य म्हणायला नटाला दीड मिनिट लागले, कारण गद्य मिळाले की नट त्यात आपले दोन शब्द घालतो. दशावताराची हवा आमच्याकडे सगळ्यांनाच लागलेली आहे, आणि दशावतारी नटाला लिहिलेली संहिता नसतेच, तिथे ती कला आहे, इथे मात्र नुसता फापटपसारा होतो. तीच दिंडी भजनी बुवांकडून म्हणवून घेतली तेव्हा 40 सेकंद लागले. 19 मात्रांच्या ओळीत नटाला घुसायला जागाच नसते. शिवाय सूर आणि ताल भावनेचे काम करत असल्यामुळे शब्दांना फक्त मजकूर सांगायचा उरतो, आणि श्रोत्याला ओळ एकदाच ऐकायला मिळणार, मागे जाऊन वाचता येणार नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत असल्यामुळे तो मजकूर सहसा नीट सांगितलेला असतो. काटकसर हा जर निकष असेल तर पद्य स्वस्त पडते. मी पद्याच्या बाजूला गेलो तो या आकड्याने गेलो, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

म्हणून मी समितीपुढे लेखी मांडले, की गाजलेल्या पदांतली प्रत्येकी दोन-तीन मिनिटे कमी करावीत, एका पदाचे वन्समोर घेऊ नये, आणि त्या जागी कापलेल्यांपैकी निवडक बारा-पंधरा साक्या-दिंड्या परत घ्याव्यात. नाट्यस्पर्धा घेणाऱ्यांनीही गायनाला स्वतंत्र गुण देताना, संहितेतले छोटे पद्य किती आणि कसे राखले याकडे पाहावे, असेही मी त्यात लिहिले, जरी आमच्या समितीचा त्या विषयाशी संबंध नव्हता. गुरुजी माझ्या बाजूने बोलले. ऑर्गनवाले गप्प राहिले. खजिनदारांनी, जे स्वतः बलराम करतात आणि ज्यांच्या वाट्याची एक साकी परत येणार होती, वेळ कुठून आणणार असे विचारले.

वेळेचा कागद माझ्याकडे तयार होता. मागच्या माघी उत्सवात नाटकाच्या आधीचा सत्कार, देणगीदारांची नावे, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत आणि शाल-श्रीफळ यांना 1 तास 10 मिनिटे लागली होती. माझ्या यादीतल्या सर्व साक्या-दिंड्यांना मिळून 11 मिनिटे लागणार होती. अध्यक्षांनी कागद शांतपणे वाचला, आकडे बरोबर आहेत असे मान्य केले, आणि यंदाच्या सत्कारमूर्तींची नावे निमंत्रण पत्रिकेत छापून झाली असल्यामुळे त्यात आता बदल करता येणार नाही असे सांगितले. बलरामाची साकी तेवढी मंजूर झाली.